बारा नंबरच्या पुस्तकाचा मालक

अण्णा,

मंगळवारी तुमच्या शोकसभेत नऊ जण बोलले आणि नवाच्या नवांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. तुम्ही ग्रंथपाल होतात त्या मुरबाडच्या वाचनालयाचा हॉल, जिथे एरवी पेपर वाचायला येणारे चार म्हातारे सोडले तर कोणी फिरकत नाही, तो भरून माणसं पायऱ्यांवर उभी होती. फोटो बरा निवडलाय, चष्मा कपाळावर चढवलेला. दहावं नाव माझं पुकारलं. "शहापूरच्या ग्रंथपाल सुनंदाताई, ज्यांना अण्णांनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं." मी जागेवरूनच गळ्याकडे बोट दाखवलं, आवाज बसलाय म्हणून. आवाज ठणठणीत होता. पण उभी राहिले असते तर जे तोंडातून बाहेर पडलं असतं, ते ऐकायला तुमची सून आणि नातवंडं समोर बसली होती, आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. केलंत ते तुम्ही.

म्हणून लिहिते आहे. समितीने स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत, अण्णांच्या आठवणी म्हणून. हे त्यांनी छापावं की चुलीत घालावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग असताना तरी बोलू द्यायचं होतंत. मी विषय काढला की तुम्ही चहा मागवायचात.

तुम्ही शहापूरला पहिल्यांदा आलात ते मला स्वच्छ आठवतं. मला वाचनालयात लागून दोन-तीन महिने झाले असतील. नव्वदच्या दशकाची सुरुवात. तुम्ही सरळगाव-किन्हवलीच्या एसटीने आलात, खांद्याला कापडी पिशवी, आणि "जुनी पुस्तकं कुटं ठेवलीत?" एवढंच विचारलंत. मी तळघरासारख्या त्या खोलीतलं कपाट उघडून दिलं. त्यात शिळाछाप पुस्तकं होती, म्हणजे दगडावर उलटी अक्षरं उमटवून छापलेली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. तुम्ही एक उचललंत आणि उघडलंतच नाही. आधी पाठीवरून बोट फिरवलंत, मग पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नाक लावून वास घेतलात. मला वाटलं म्हातारा चळलाय.

"हसतीस काय गो? ह्याचा मालक कोन व्हता ते बघतो."

"नाव नाही लिहिलेलं."

"नाव नसलं म्हनून काय झालं? पुस्तकाला इच्यारायचं. मानसाला इच्यारलं तर मानूस आपल्याला पायजे तसं सांगतो."

त्या एका दुपारी तुम्ही मला जे शिकवलंत ते ग्रंथालयाच्या कोर्सात कोणी शिकवलं नव्हतं. शिक्का कसा वाचायचा, पुसलेला शिक्का उन्हात तिरका धरला की कसा दिसतो, बांधणीचा दोरा बदललाय की मूळचा. कसर पुस्तकात शिरली की सरळ रेषेत भोक पाडत जाते, म्हणून पहिल्या पानाला भोक आहे आणि पुठ्ठ्याला नाही, तर पुठ्ठा नंतरचा समजायचा. आणि गुप्त पान. प्रत्येक वाचनालय पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतं, चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. आमचं एकतीस, तुमचं सत्तावीस, कल्याणच्या त्या जुन्या ग्रंथालयाचं एक्कावन्न. हे आकडे कोणी कोणाला सांगत नसे. तुम्ही सगळ्यांकडून वदवून घेतलेत आणि आम्हा पाच-सहा वाचनालयांना एका कामाला जुंपलंत. कोणाकडे अनोळखी शिक्क्याचं, अनोळखी नावाचं पुस्तक निघालं की त्याने बाकीच्यांना पोस्टकार्ड टाकायचं, शिक्क्याचं चित्र काढून. ज्याच्याकडे काही सापडेल त्याने दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांकाने चढवतात ती, उघडून उत्तर द्यायचं. उत्तर नसलं तरी "आढळ नाही" एवढं लिहून कार्ड परत टाकायचंच.

डोळखांबला गेलो होतो ते विसरता येत नाही. विसरायचा प्रयत्न मी केलाय. एका निवृत्त गुरुजींकडे पाककृतींचं एक शिळाछाप होतं, पहिलं पान जागेवर, त्यावर कोणा बाईचं नाव. तुम्ही एक्कावन्नावं पान उघडलंत आणि ओरडलात, "कल्यान!" कल्याणला कार्ड, तिथून भिवंडीला, भिवंडीहून परत कल्याणला, सात महिने ते चाललं. शेवटी कल्याणच्या नोंदवहीतून ती बाई सापडली, तिचं घर, तिचा पाडा, कोणी पुस्तक देणगी म्हणून दिलं, कोणी वाचायला नेलं आणि परत केलं नाही, सगळं. पण खरी गंमत पहिल्या पानावर होती. बाईने नावाखाली लिहून ठेवलं होतं: "हे पुस्तक माझे आहे. माझ्या नवऱ्याचे नव्हे." तुम्ही गुरुजींच्या अंगणात पोट धरून हसलात, मग डोळे पुसत म्हणालात, "नाव हाय म्हनून बाई हाय, गो. हे पान कोनी कापलं असतं तर बाई मेली असती."

हे तुम्ही बोललात. तुम्ही, अण्णा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, एवढं मला ते आवडलं.

त्यानंतरच मी तुम्हाला आजोबांच्या पुस्तकाचं सांगितलं.

तुमचं आणि आमचं गाव एकच. तुमचं घर गावात, आमचं गावाबाहेरच्या वस्तीत. माझे आजोबा सखाराम भिवा. त्यांना झाडपाल्याची माहिती होती आणि लिहिता-वाचता येत होतं, त्या काळी वस्तीत तेवढे एकटेच. गावात काही दिवस राहून गेलेल्या एका मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली आणि जाताना औषधी वनस्पतींचं एक शिळाछाप पुस्तक देऊन गेले. आजोबांनी पहिल्या पानावर आपलं नाव घातलं. समासात हिरड्याच्या शाईने पानांची, शेंगांची चित्रं काढली, कुठलं झाड कुठल्या टेकडीवर आहे ते कळावं म्हणून. एक वर्षी तुमच्या वडिलांनी ते "वाचून देतो" म्हणून नेलं. दिलं नाही. आजोबा मागायला गेले तेव्हा ओटीवरून विचारलं, "कंचं पुस्तक?" आजोबा अंगणातच उभे होते, पुढे जायची सोय नव्हती. ते परत आले. पुढे आजोबा गेले, मुरबाडला वाचनालय निघालं, आणि एका वर्धापनदिनी पेपर वाचायला गेलेल्या माझ्या बाबांना काचेच्या कपाटात ते पुस्तक उघडं मांडलेलं दिसलं. समासातली चित्रं त्यांनी लांबून ओळखली. खाली चिठ्ठी होती: दाखल क्रमांक बारा, देणगीदार म्हणून तुमच्या वडिलांचं नाव.

मी हे सगळं तुम्हाला सांगितलं तेव्हा आपण किन्हवलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. तुम्ही गाडी येते का ते बघायला रस्त्याकडे वळलात. मग म्हणालात, "तुमच्या लोकांनी छप्पन साली जुनं सगलं पान्यात सोडलं ना? त्यात तेपन गेलं असंल. हे दुसरं असंल."

"आम्ही देव सोडले अण्णा. औषधाचं पुस्तक कशाला सोडू?"

"खुना कोनाच्याबी असतील, गो. मोप लोकं चित्रं काढतात. नाव कुटं हाय? नाव दाखव."

हा आपला वाद तीन वर्षं चालला. दर खेपेला मी नवं काही काढायचे आणि दर खेपेला तुम्ही त्याच एका वाक्यावर यायचात, नाव दाखव. तुम्ही मला बारा नंबरचं पुस्तक हातात दिलंत, लपवलं नाहीत, हेही सांगायला हवं. मी पाहिलं. पहिलं कोरं पान पांढरंस्वच्छ, नवं. मजकुराच्या पहिल्या पानाला कसरीची तीन भोकं, त्या नव्या पानाला एकही नाही. मी म्हटलं, "इथलं पान बदललंय." तुम्ही म्हणालात, "बाइंडरनी बदललं असंल." आणि चहा मागवलात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते मला तेव्हा सुचलं नाही, कारण मी तुम्हाला चोर समजत नव्हते. मी तुम्हाला गुरू समजत होते.

आता चांगलंही लिहिते, नाहीतर खोटं होईल. आमच्या शहापूरच्या समितीने तळघरातलं ते कपाट रद्दीत काढायचं ठरवलं होतं, कपाट हवं होतं पण पुस्तकं नको होती. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही सकाळच्या पहिल्या गाडीने आलात आणि त्या कपाटाला पाठ लावून फरशीवर बसलात. रद्दीवाला आला, कार्यवाह आले, तुम्ही हलला नाहीत. "आधी मला इका रद्दीत, मंग ह्यांना." दुपारी डबा तिथेच बसून खाल्लात. संध्याकाळी कार्यवाह हात जोडून म्हणाले, राहू द्या. ती पुस्तकं आजही आहेत. तुम्ही आमच्या घरी जेवलात, एकदा नाही, दहा वेळा. नाचणीची भाकरी मागून घेतलीत, आईला "वैनी, तुमच्या हाताला चव हाय" म्हणालात. तुमच्या वडिलांच्या अंगणात माझे आजोबा जिथे थांबले, तिथून तुम्ही आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलात, हे मी कधी कमी लेखलं नाही. म्हणूनच तर राग जात नाही. तुम्ही नुसते वाईट असता तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

नाव सापडलं ते तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. आमच्या कपाटातल्या एका जाडजूड कादंबरीची पाठ उकलली. मी शिवायला घेतली तर पाठीच्या आत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. बाइंडर लोक असं करतात, जुने कागद पट्ट्या कापून पाठीला बळकटीसाठी लावतात. आपल्या सगळ्या वाचनालयांचे बाइंडर एकच, कल्याणचे करीमचाचा. दोन वर्षांनी एकदा ते अवजारं घेऊन यायचे, प्रत्येक वाचनालयाच्या व्हरांड्यात आठवडाभर बसायचे, आणि एकीकडचा उरलेला कागद दुसरीकडे वापरायचे. मी पट्ट्या वाफेवर धरून सोडवल्या. तिसऱ्या पट्टीवर हिरड्याच्या शाईत अक्षरं होती. "हे पुस्तक सखाराम भिवा" आणि पुढे कात्री. पुढचा शब्द कोणता असणार ते मला माहीत आहे. तेव्हा आमच्या नावापुढे तो लिहावाच लागायचा. तो कापला गेला याचं मला वाईट वाटलं नाही. पट्टीला तीन भोकं होती.

मी ती पट्टी वहीत घालून मुरबाडला आले. आठवतंय ना? बारा नंबर काढायला लावला, मजकुराच्या पहिल्या पानावर पट्टी ठेवली. तिन्ही भोकं भोकांवर बसली. वर उजेडात धरली तर आरपार दिसत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं तुम्ही डोळखांबला ओरडलात तसे ओरडाल. मला वाटलं म्हणाल, "सापडला गो, तुजा आजा सापडला!" तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात.

"मीच काडाया लावली व्हती ती पानं," तुम्ही म्हणालात. "पयल्या वर्षी. देनगीतल्या सगल्या पुस्तकांची. वाचनालयाचं झालं पुस्तक, मंग वर लोकांची नावं कशाला, असं वाटायचं तेवा. नवा व्हतो. नावं वाचली नाय मी."

हे मी मानलं असतं. नव्या ग्रंथपालाचा स्वच्छतेचा उत्साह मला माहीत आहे, मीही पहिल्या वर्षी जुन्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या होत्या. आपल्या धंद्यातली ती नेहमीची चूक आहे, पुस्तक नीटनेटकं करायचं म्हणून त्याचा इतिहासच झाडून टाकायचा. पण पुढच्याच महिन्यात करीमचाचा शहापूरला आले होते. व्हरांड्यात ते पुठ्ठा कापत बसलेले, मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. म्हातारबुवांना त्यांच्या हातून गेलेला प्रत्येक कागद आठवतो.

"ये मुरबाडवाला ना? झाडपत्तीचा किताब. याद है बेटी. बाकीची पानं अण्णांनी बघितली पण नाय, बोले निकाल सगळी. पर ये पान त्यांनी हातात घेतलं, उजेडात धरून वाचलं. दोन दफा. मंग मला दिलं, बोले, ये पहले निकाल."

दोनदा वाचलंत. मी दुसऱ्या दिवशी मुरबाडला आले आणि फक्त तेवढं विचारलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. "बाप जिवंत व्हता तेवा," म्हणालात. "त्याचं नाव पाटीवर लागलं व्हतं, गो." हॉलच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे, तुमच्या वडिलांचं नाव वरून दुसरं. मग त्यांच्यासाठी सखाराम भिवा पाठीच्या डिंकात गेले. आणि वीस वर्षांनी त्यांची नात तुमच्यासमोर उभी राहिली तेव्हा तुम्ही तिला बजावत राहिलात, नाव दाखव. एखाद्याचं घर पाडायचं आणि वर त्यालाच पत्ता विचारायचा, हा कुठला न्याय, अण्णा?

आम्ही पुस्तक मागितलं नाही. त्यानंतर एकदा बाबांना घेऊन मी आले होते. बाबांचे गुडघे गेले होते, पायऱ्या चढताना तुम्ही त्यांना हात दिलात, आपली खुर्ची दिलीत, पुस्तक त्यांच्या हातात दिलंत. ते एकेक चित्र बघत होते आणि टेकड्यांची नावं सांगत होते. मग पुस्तक मिटून तुमच्या टेबलावर ठेवलं.

"मला पुस्तक नको, अण्णा. हितंच असू द्या, लोकं वाचतील. वहीत माज्या बापाचं नाव लिवा. तुमच्या बापाचं खोडू नका, राहू द्या. माज्या बापाचंपन लिवा. बस."

"लिवतो दादा. उद्याच लिवतो."

उद्या. समितीची बैठक होऊ दे. तपासणी होऊ दे. दिवाळी जाऊ दे, वार्षिक सभा जाऊ दे. नोंदवहीत बदल करायचा तर ठराव लागतो, ठरावाला कोरम लागतो, कोरमला भात कापणी संपावी लागते. एवढ्या वर्षांत तुम्ही दुसऱ्या वाचनालयांच्या नोंदवह्यांत किती दुरुस्त्या करून घेतल्यात? भिवंडीच्या ग्रंथपालाला तर तुम्ही एका चुकीच्या नावासाठी तीन कार्डं पाठवलीत, शेवटच्यावर लिहिलंत, "इतिहासाशी खेळू नका." मी ते वाचलं. तुमच्या बारा नंबरसमोर मात्र तुमचे वडील एकटेच बसून राहिले. कुंपणानेच शेत खाल्लं.

बाबा दर आठवड्याला विचारायचे. "लिवलं काय?" मी सांगायचे, होईल. शेवटी ते आजारी पडले, शहापूरच्या सरकारी दवाखान्यात होते. त्यांचं शरीर थकलं होतं पण डोकं लख्ख होतं. एका सकाळी त्यांनी माझा हात धरून विचारलं, "लिवलं काय गो अण्णांनी?" आणि मी म्हटलं, लिहिलं. त्यांनी विचारलं, कसं लिवलं? मी म्हटलं, मूळ मालक सखाराम भिवा, असं लिहिलंय. "शाईनं का बॉलपेनानं?" शाईने, बाबा. त्यांनी मान हलवली. तीन दिवसांनी ते गेले.

मी आयुष्यात बाबांशी खोटं बोलले नव्हते. तुमच्यामुळे बोलले, आणि ते सुधारायला आता बाबा नाहीत. तुम्ही त्यांच्या अंत्ययात्रेला आलात, पहिल्या ओळीत उभे राहिलात, वंदना म्हटली तेव्हा हात जोडलेत. त्या गर्दीत मी तुमच्याकडे बघून काय विचार करत होते ते तुम्हाला कळलं होतं. तुम्ही माझ्याशी नजर मिळवली नाहीत.

त्यानंतरही आपण काम करत राहिलो, हे लोकांना विचित्र वाटेल. कार्डं येत राहिली, मी उत्तरं देत राहिले. तानशाच्या बाजूला एका घरात सापडलेल्या दोन पुस्तकांसाठी आपण दोघं परत गाडीने हिंडलो, शेजारी बसून, फक्त शिक्क्यांवर बोलत. मी तुम्हाला सोडलं नाही कारण ते काम येणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही पुस्तकाचा वास घेताना डोळे मिटायचात ते बघायला मला आवडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, झालं, हिने माफ केलं.

माफ केलेलं नाही. गेल्या महिन्यात तुम्हाला बघायला आले तेव्हाही नव्हतं केलं. तुम्ही खाटेवर, उशाशी पोस्टकार्डांचा गठ्ठा. अर्धा तास तुम्ही मला कुठल्या तरी शिक्क्याबद्दल सांगत होतात, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. शेवटी मी उठले. तुम्ही म्हणालात, "संबालून जा, रस्ता खराब हाय." मी म्हटलं, हो. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. तुम्ही काढला नाहीत विषय आणि मीही काढला नाही. मरायला टेकलेल्या माणसाला काय विचारायचं, असं मला वाटलं. विचारायला हवं होतं. तिथे मी चुकले.

काल मी मुरबाडला परत गेले. वाचनालय उघडायला लावलं, समितीच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं आणि दाखल नोंदवहीचा पहिला खंड मागितला. त्यांना प्रकरण अर्धंमुर्धं माहीत होतं. बारा नंबरचं पान त्यांनीच काढून दिलं. पुस्तकाचं नाव, देणगीदार तुमचे वडील, आणि उजवीकडे शेऱ्याच्या रकान्यात तुमचं अक्षर. अलीकडचं, थरथरतं. "मूळ मालक :" आणि पुढे काही नाही.

मी ते दोन शब्द किती वेळ बघत बसले असेन ते माहीत नाही. पुढे काय झालं होतं, अण्णा? कोणी आलं? पेन संपलं? की तुमच्या हाताने ते नाव लिहायला नकार दिला, मनाने होकार दिल्यावरही? की मोठेपणाने माझ्यासाठी जागा ठेवलीत? अध्यक्षांना तसंच वाटलं. हळव्या आवाजात म्हणाले, "बगा ताई, तुमच्यासाठी सोडलीय अण्णांनी जागा. तुमीच लिवा." आणि खिशातलं पेन पुढे केलं.

मी घेतलं नाही. मी शहापूरची ग्रंथपाल आहे, मुरबाडच्या वहीत लिहायचा मला अधिकार नाही. आणि सखाराम भिवाच्या नातीने लिहिलं तर तो आमचा दावा झाला, वाचनालयाची नोंद नाही झाली. मी म्हटलं, तुम्ही लिहा. तुमच्या हाताने, शाईने. ते घुटमळले. मग कपाटातून शाईचं पेन काढलं, झटकलं, बसले.

"सांगा ताई."

"सखाराम भिवा."

त्यांनी लिहिलं. हळूहळू, शाळेत लिहितात तसं. मग मान वर केली. "फुडं? आडनाव?"

"एवढंच. त्यांनी स्वतः घातलेलं नाव कात्रीतून एवढंच वाचलंय."

त्यांनी टिपकागद ठेवला. मी वाकून वाचलं. मी बाबांना जे सांगितलं होतं ते अक्षरशः तसंच आता त्या रकान्यात होतं. मला रडू आलं, अध्यक्ष उठून खिडकीशी गेले. थोड्या वेळाने ते परत आले आणि म्हणाले, दुरुस्तीखाली ग्रंथपालाची सही लागते, नियमच आहे. तुमची जागा रिकामी, नवा माणूस पुढच्या महिन्यात नेमतील, मग त्याची सही घेऊ.

मी म्हटलं, नको. ती ओळ तशीच मोकळी ठेवा. तिथे सही करायची होती ती अण्णांनी, दुसऱ्या कोणाची मला चालणार नाही.